बिनपरवान्याची ज्वारी

लेख मागायला आलेले संपादक भले गृहस्थ. उठता उठता म्हणाले, "बाई, मोकळेपणानं लिहा. फक्त ते नफ्याबिफ्याचं जरा जपून." घरी आलेल्या माणसाशी दारात वाद घालू नये म्हणून मी नुसती मान हलवली. कागदावर वाद घालायला मात्र हरकत नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते. मी परभणीजवळ झरीच्या बाजारात उभा जन्म ज्वारी विकली. नफ्यासाठी विकली आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटावी असे तीनच महिने माझ्या धंद्यात आले, आणि त्या तीन महिन्यांत मी सरकारचं सगळं ऐकत होते.

आमचे हे तापानं गेले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. राज्य निजामाचं होतं. दुकान छोटं, पण चालतं. भावकीतले चौघे आले आणि म्हणाले, गाळा भाड्यानं देऊन टाका, बाईमाणूस तराजूला बसलेलं बरं दिसत नाही. आमच्या लिंगायत मठाचे स्वामी तेव्हा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "आपल्यात काम हीच पूजा. पूजेला बाई चालती, मग तराजूला काय झालं?" चौघे उठून गेले. दुसऱ्या दिवशी मी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि गादीवर बसले. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी चार शेरांची पायली हातात घेतली. धान्य मोजताना आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. त्या दिवशी 'लाभ' म्हणताना माझा आवाजच फुटेना. गिऱ्हाईकानंच माझ्यासाठी म्हटलं.

ज्यांनी हा धंदा पाहिला नाही त्यांना तो बसून खाण्याचा वाटतो. खळी झाली की शेतकरी ज्वारी आणतो. त्याला तेव्हा पैसा हवा असतो आणि ज्वारी उदंड असते, म्हणून भाव उतरलेला. ती आम्ही घ्यायची, वाळवायची, पेवात घालायची. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा, आत कडबा लावलेला, तोंड मातीनं लिंपलेलं. ते उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं. कोंडलेली वाफ माणूस मारते. सहा महिने ती ज्वारी सांभाळायची, पाण्यापासून, किड्यापासून, उंदरापासून. आणि श्रावण-भाद्रपदात, घराघरांतली कणगी रिकामी झाली की बाहेर काढायची. तेव्हा भाव चढलेला असतो. त्या चढलेल्या भावाला लोक पाप म्हणतात. अहो, तो चढ नसता तर खळ्यावरच स्वस्त म्हणून सगळी ज्वारी खाऊन, जनावरांना घालून संपली असती. भाद्रपदासाठी कुणी राखली असती?

आणि भाव म्हणजे नुसता आकडा नव्हे, ती बातमी असते. मला उर्दू वाचता येत नव्हतं, वर्तमानपत्र झरीला येत नव्हतं. पण गंगाखेडहून आलेला माणूस म्हणाला, "तिकडं रुपयाला पायलीभर कमी मिळायलीय," की मला सगळं कळायचं. गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी पेवांत शिरलं असणार. मी गाडी भरायची. माझ्यासारखे मानवत गावचे व्यापारी भरायचे, आणखी कुठले कुठले भरायचे. कुणी कुणाला हुकूम देत नसे. आठ-दहा दिवसांत तिकडचा भाव खाली यायचा. माझा पुतण्या आता परभणीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. तो एकदा म्हणाला, "काकू, तुम्ही सांगता हे विलायतेतल्या पंडितांनी मोठमोठ्या ग्रंथांत लिहून ठेवलंय." मी म्हणाले, "मग ते कधीतरी झरीच्या बाजाराला येऊन गेले असतील."

माझं सगळ्यात कडक गिऱ्हाईक रहमतबी. कापूस पिंजणाऱ्या घरातली, नवरा गेलेला, माझ्याच वयाची. पोत्यात हात घालून अगदी तळातला दाणा काढायची, दाताखाली धरून कट्कन तोडायची आणि तोंड वाकडं करायची. "आक्का, ये ज्वारी है का पिछले साल की याद है?" मग पदर झटकून शेजारच्या दुकानाकडं निघायची. मी तिला पाचव्या पावलाला हाक मारत असे. कधी सातव्या. ती जाते म्हणून मला पोती चाळून ठेवावी लागत, दाणा कोरडा ठेवावा लागे. ती मला बारा महिने छळत होती असं मला वाटायचं. ती मला सरळ ठेवत होती हे फार उशिरा समजलं.

तिकडं दुसरं महायुद्ध पेटलं आणि इकडं धान्यावर कायदे आले. शेतकऱ्यानं पिकातला ठरलेला वाटा सरकारी भावानं सरकारला घालायचा. त्याला लेव्ही म्हणत. एका तालुक्याची ज्वारी दुसऱ्या तालुक्यात न्यायची तर परवाना. बाजारात विकायचा भावही कचेरीनं बांधून दिला, रुपयाला पाच पायल्या. दवंडी झाली तेव्हा लोक खूश झाले. पुढच्या बाजाराला ज्वारीची गाडीच आली नाही. त्या भावात विकायला शेतकरी तयार नव्हता. त्यानं पेवाचं तोंड लिंपलं आणि वर शेणाचा उकिरडा केला. ज्वारी स्वस्त झाली आणि दिसेनाशी झाली.

परभणीचे तहसीलदारसाहेब माणूस वाईट नव्हते. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढं माझं त्यांच्याशी वाजलं. लाच घेत नसत. त्यांना गरिबांचं खरोखर वाटायचं. बाजार रिकामा पडला तसा त्यांनी एक उपाय काढला. लेव्हीची ज्वारी सरकारी गोदामातून द्यायची आणि प्रत्येक बाजारात एकाच दुकानदाराला विकायचा परवाना द्यायचा. बाकीच्यांनी ज्वारीला हात लावायचा नाही. झरीसाठी त्यांनी मला निवडलं. म्हणाले, "बेवा औरत आहे, तिच्या मापाबद्दल तक्रार नाही." गावात माझा मान वाढला. मीही फुगले. परवान्यावरची मोहोर आल्यागेल्याला दाखवत होते.

पहिला महिना बरा गेला. मग मी पोती चाळायचं सोडलं. कशाला चाळायची? पुढं दुकान उशिरा उघडू लागले. लोक उन्हात रांगेत उभे असत आणि मी आत सावकाश फुटाणे खात बसलेली. एका म्हाताऱ्यानं ओलसर ज्वारीबद्दल तक्रार केली, त्याला म्हणाले, "घ्यायची तर घ्या, न्हाईतर मागं बघा किती मान्सं हायत." माप मी कधी मारलं नाही. तेवढंच राहिलं होतं. माणूस बिघडायला माप मारावंच लागतं असं नाही.

तिसऱ्या महिन्यात रहमतबी रांगेत आली. तिनं फडकं पसरलं आणि उभी राहिली. पोत्यात हात घातला नाही. मी म्हणाले, "दात लावून बघ की."

ती म्हणाली, "देखके क्या करू, आक्का? खराब निकली तो किधर जाऊ?"

रागावून म्हणाली असती तर मी परतून बोलले असते. ती अगदी साधं बोलली. मी तिची ज्वारी मोजली, 'लाभ' म्हणताना पुन्हा माझा आवाज अडला. त्या दिवशी दुकान बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी करून परभणीला गेले.

साहेबांच्या टेबलावर परवाना ठेवला. "हा वापस घ्या."

ते उर्दूत बोलत, मी मराठीत. दोघांनाही दोन्ही कळत होत्या. म्हणाले, "बाई, या कागदासाठी लोक माझ्या उंबऱ्यावर बसतात. तुम्हाला काय कमी पडलं?"

"काहीच कमी पडंना, साहेब. म्हणून तर वापस द्यायलेय. मला कुणाची भीती राहिली न्हाई. दुकानदाराला गिऱ्हाईक सोडून जायाची भीती पाहिजे."

"मग काय, सगळ्यांना मोकळं सोडू? वाटेल तो भाव घेऊ देऊ? गरीब काय खाईल?"

"आन् आता काय खायलाय? तुमचा भाव लय स्वस्त हाय, पर त्या भावात दाणा न्हाई. गरिबानं भाव दळून खावं का?"

ते चिडले नाहीत. खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "मी लहान असताना आमच्याकडं दुष्काळ पडला होता. गल्लीतल्या व्यापाऱ्यानं दार लावून घेतलं. आम्ही त्या दारासमोर उभे होतो. माझी धाकटी बहीण त्यात गेली. त्या दारासाठी मी हा कायदा राबवतो, बाई."

खोटं सांगणारा माणूस असा बोलत नाही. मग मी म्हणाले, "साहेब, दार लावणारा एकलाच असला तर गाव मरतं. धा असले तर त्यातला एक तरी उघडतो. दया येती म्हणून न्हवं, दुसऱ्याच्या आधी विकावं म्हणून. तुमी तर धातली नऊ दारं सरकारी कुलपानं लावलीत आन् धाव्याची किल्ली मला दिली."

त्यांनी परवाना उचलून टेबलाच्या खणात ठेवला. मग ते म्हणाले, "तुमचं बोलणं ऐकायला बरं आहे. पण कायदा मोडलात तर मला शिक्षा द्यावी लागेल."

"ते तुमचं काम," मी म्हणाले.

भाद्रपदात गंगाखेडची बातमी आली. गंगेला पाणी येऊन गेलेलं, पेवं भिजलेली, रुपयाला दोन पायल्या, आणि त्याही मिळाल्या तर. झरीत माझ्या पेवात लेव्ही घालून उरलेली, स्वतःच्या शेतातली ज्वारी होती. परवाना मागितला असता तर अर्जाला उत्तर येईतो दिवाळी झाली असती. रेल्वेनं पाठवावी तर परवान्याशिवाय स्टेशनात पोतं घेत नव्हते. मी महादूला बोलावलं. हा आमच्या गावचा गाडीवान, थोडी जमीन होती, बैल मात्र देखणे. त्याला सगळं सांगितलं. पकडलं तर गाडी जाईल हेही सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या दोघा भावांच्या बी गाड्या घेऊ. एकानं काय व्हतंय?"

महादूनं आडवाटेनं, रानातून जायचं सुचवलं. मी नाही म्हणाले. "आपण काय कुणाचं चोरलंय? भर दिवसा, सडकेनं जायचं."

दोन मुक्काम करून आम्ही गंगेच्या अलीकडच्या काठाला पोचलो. गंगाखेड पलीकडच्या काठाला, दुसऱ्या तालुक्यात. मधे नाव, आणि नावेच्या घाटावर नाका. नाक्यावरच्या मुन्शीनं गाड्या अडवल्या. माझ्याकडं बघून आवाज खाली केला. "बाई, कुछ चहापाणी का देखो, मैं दुसरी तरफ देखता हूँ."

"न्हाई," मी म्हणाले. "चहापाणी दिलं तर मी चोर ठरते. कायदा काय हाय तो वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा."

तो वैतागला, पण घाटावर नावेची वाट बघत माणसं उभी होती, त्यांनी कान टवकारले होते. त्यानं कागद काढला आणि वाचला. परवान्याशिवाय गाडीतून, जनावरावरून, रेल्वेतून धान्य तालुक्याबाहेर नेऊ नये. नावेत पोती चढवू नयेत. घरखर्चापुरती, एका माणसाच्या डोक्यावर मावेल एवढी ज्वारी नेण्यास मनाई नाही.

"शेवटचं परत वाचा," मी म्हणाले.

त्यानं परत वाचलं. वाचता वाचताच त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याचा आवाज बारीक होत गेला. मी नावाड्याला म्हणाले, "मामा, पलीकडं जाऊन सांगा. झरीची नागरबाई घाटावर ज्वारी घेऊन बसलीय. ज्याला पाहिजे त्यानं आपलं डोकं घेऊन यावं."

तासाभरात नाव भरून आली. बाया, म्हातारे, पटकेवाले, बुरखेवाल्या. बैलगाडीशेजारी मी पायली घेऊन बसले आणि मोजू लागले. रुपयाला तीन पायल्या. मुन्शीला आपला हुकूम असा हसण्यावारी जाऊ द्यायचा नव्हता. त्यानं फर्मावलं की कायद्यात 'डोक्यावर' आहे, तेव्हा नावेतही ओझं डोक्यावरच राहिलं पाहिजे, खाली टेकलं तर जप्त. आणि मग आम्ही जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. गंगेच्या गढूळ पाण्यातून नाव चालली आहे आणि नावेतली तीस माणसं मान ताठ करून, डोक्यावर गाठोडी धरून बसली आहेत. कुणी हलत नाही. देव निघाले आहेत जणू मुकुट घालून. घाटावर आधी एक जण हसला, मग सगळे. मुन्शीसुद्धा तोंड फिरवून हसला.

पण सगळेच हसले नाहीत. गंगाखेडच्या शाळेतले एक मास्तर आले होते. ते तावातावानं म्हणाले, "बाई, झरीत रुपयाला पाच पायल्यांचा भाव बांधलाय. इथं तीन देता. गरिबाच्या पोटावर नफा कमावता?"

"कमावते," मी म्हणाले. "मास्तर, धरम करायला निघाले असते तर एक गाडी आणली असती आन् तुमी माझा हार घालून सत्कार केला असता. परवा परत उपास. नफा हाय म्हणून तीन आणल्या. आन् मला नफा झाला हे कळलं की उद्या माझ्या मागं दुसरे येतील, मग मला बी तीननं विकता यायचं न्हाई. बघा तुमी."

दुसऱ्या दिवशी मानवतच्या दोन गाड्या आल्या. दुपारपर्यंत आणखी चार. त्यांनी साडेतीन पायल्या लावल्या, मला लावाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चार. मास्तर पुन्हा आले. माझ्याशी बोलले नाहीत. मानवतच्या गाडीपाशी जाऊन घासाघीस केली, मग माझ्याकडं येऊन केली आणि शेवटी माझ्याकडूनच घेऊन, गाठोडं डोक्यावर धरून नावेत बसले. शाळामास्तर, डोक्यावर पागोटं, त्यावर गाठोडं. मला तो माझा विजय वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी परभणीच्या कचेरीतला कारकून, पेशकार, शिपाई घेऊन आला. मानवतच्या गाड्या तोवर रिकाम्या होऊन परतल्या होत्या. डोक्यावरच्या ओझ्यांबद्दल त्याला काही करता येईना. पण बांधल्या भावाहून जास्त घेतल्याचा गुन्हा होता, आणि तो मी केलाच होता. उरलेली पोती, तिन्ही गाड्या, बैलांसकट, जप्त.

कचेरीत साहेबांनी विचारलं, "जास्त भाव घेतला?"

"घेतला."

"माफी मागा, मी ताकीद देऊन सोडतो. महादूच्या गाड्याही आज सुटतील."

इथं मी चुकले का, हे मी आजवर स्वतःला विचारते. मागं वळून महादूकडं पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मान हलवली, नाही अशी. मी साहेबांना म्हणाले, "पलीकडं दोनाच्या चार पायल्या झाल्या. कशाची माफी मागू?"

शिक्षा झाली. माल सरकारजमा, गाड्या महिना-दीड महिना अडकवून ठेवायच्या, मला कचेरी उठेपर्यंत कैद, आणि चोरबाजारी करणाऱ्यांच्या नोंदीत नाव. साहेब एरवी दिवस मावळेपर्यंत काम करत. त्या दिवशी त्यांनी माझ्या निकालावर सही केली, दौतीला टोपण लावलं आणि दुपारीच उठले. त्यांच्यामागं सगळी कचेरी उठली. माझी कैद अर्ध्या तासाची झाली. जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

महादूच्या गाड्या आणि बैल सुटेपर्यंत रब्बीच्या पेरणीची हस्त आणि चित्रा ही दोन्ही नक्षत्रं कोरडी गेली होती. जमिनीतली ओल उडाली होती. तिघा भावांची पेरणी हुकली. उशिरा पेरलं ते गुडघ्याएवढं वाढलं आणि वाळलं. मी त्यांच्या घरी गेले, अंगणातच बसले. म्हणाले, "महादू, माझ्या हट्टापायी तुझं साल गेलं."

तो बैलाच्या खुराला तेल लावत होता. वर न बघता म्हणाला, "आक्का, गाडी माझी, बैल माझे. तुमी समदं सांगितलं व्हतं. मी माझ्या मनानं आलो. आता ते बी माझ्याकडून काढून घेता का?"

मी त्याला ज्वारी देऊ केली. त्यानं घेतली नाही. पुढच्या हंगामात माझी भाडी त्यानं केली आणि रोजच्या दरानंच केली, पैसाही जास्त घेतला नाही. पण त्याची बायको त्या वर्षी मला बघून पदर ओढून आत जायची. स्वतःच्या जिवावर हट्ट करणं सोपं असतं. दुसऱ्यानं राजीखुशीनं साथ दिली तरी त्याच्या घरातली सगळी माणसं राजी असतात असं नाही. हे मी कुठल्या ग्रंथात वाचलं नाही, मला त्या अंगणात कळलं.

निजामी संपली. झेंडे लागले, पेढे वाटले, मीही वाटले. काही दिवसांनी परभणीहून एक गृहस्थ आले. पांढरी टोपी, हातात वही, बोलणं गोड. ओसरीवर बसून म्हणाले, "काकू, तुम्ही निजामाच्या कचेरीत कैद भोगलेली आहे. कागदोपत्री पुरावा आहे. तुमचं नाव स्वातंत्र्यलढ्याच्या मानकऱ्यांच्या यादीत घालायचंय. एवढंच लिहून द्या, की त्या जुलमी राजवटीविरुद्ध म्हणून तुम्ही ते केलं."

मी विचारलं, "घाटावरचा नाका उठला का?"

"नाही. धान्याची टंचाई आहे ना. पण आता तो नाका आपला आहे, काकू."

"आन् परवाना?"

"परवानाही आता आपल्याच सरकारचा."

"भाव कोन बांधतंय?"

"तोही आपणच."

मी त्यांना गुळपाणी दिलं. वही त्यांच्याकडं सरकवली. म्हणाले, "दादा, यादी तुमची तुमच्याजवळ ठेवा. उद्या गंगाखेडचा बाजार हाय, महादू गाडी भरायलाय. तुमाला माझी सही पाहिजे तर घाटावर या. आन् अडवायचं असलं, तरी तिथंच या."